दगडफुलाची साक्ष

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खाप्याच्या बाजारात माझ्या अब्बांचं किराण्याचं दुकान होतं. खापा म्हणजे नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यातलं, कन्हानच्या काठचं विणकरांचं जुनं गाव. दुकानात शिरलं की डाव्या हाताला मसाल्याच्या डब्यांची रांग आणि तिच्या शेवटी तागाच्या पिशवीत दगडफूल. दसरा-दिवाळी जवळ आली की कोष्ट्यांच्या घरच्या बाया सावजी मसाल्याचं सामान न्यायला यायच्या. ईदच्या आधी आमच्या मोहल्ल्यातल्या यायच्या. दोन्हीकडच्या यादीत दगडफूल असायचंच. आठ आण्यांचं दगडफूल दिलं तर पुडी अशी फुगायची की गिऱ्हाईक खूश. वजन मात्र तराजूला कळतसुद्धा नसे. आमच्या घरी त्याला ‘पत्थर का फूल’ म्हणत. सात-आठ वर्षांचा असताना हे फूल शोधायला मी कन्हानच्या पात्रातले दगड उलटेपालटे करून आलो होतो. अब्बा हसले. म्हणाले, ‘अरे, ते इतवारीतून येतं, आणि इतवारीत पहाडातून येतं.’

पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की ते फूल नाही, आणि दगडावरच उगवतं असंही नाही. बाजारात येणारं पुष्कळसं दगडफूल डोंगरी जंगलांतल्या झाडांच्या सालीवरून खरवडलेलं असतं. शास्त्राच्या मराठी पुस्तकांत या वनस्पतीला ‘शैवाक’ म्हणतात. वनस्पती तरी कसं म्हणावं? ती एक नसून दोन जीवांची वस्ती आहे. एक बुरशी आणि एक शेवाळ. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं. १८६७ साली श्वेन्डेनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने हे पहिल्यांदा ठामपणे मांडलं तेव्हा त्या वेळच्या मोठमोठ्या जाणकारांनी त्याची टर उडवली. त्याने स्वतः दिलेली उपमाही तशीच होती. बुरशी मालक आणि शेवाळ तिचा गुलाम, असं तो म्हणे. तो काळच मालक-गुलामांचा. आज त्याला भागीदारी म्हणतात. २०१६ मध्ये तर काही शैवाकांच्या सालीत यीस्टच्या जातीचा तिसरा भागीदारही सापडला.

मी शब्दांचा माणूस, त्यामुळे मला याच्या नावांचं जास्त अप्रूप. आयुर्वेदात शैलेय. हिंदी-उर्दूत छडीला. युनानी हकीम त्याला उश्ना म्हणतात. हा शब्द अरबीतला. युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तोच उचलला आणि फांद्यांवरून म्हाताऱ्याच्या दाढीसारखं लोंबणाऱ्या शैवाकाचं शास्त्रीय नाव ठेवलं ‘उस्निया’. हकिमाच्या बरणीतला शब्द असा लॅटिनच्या दरबारात जाऊन बसला. हा उस्निया लक्षात ठेवा. हवा बिघडू लागली की झाडावरून सगळ्यात आधी जातो तो बहुधा हाच.

तो का जातो, हे समजून घ्यायला शैवाकाची राहणी पाहावी लागते. त्याला मूळ नाही. झाडाच्या अंगावर राहतो, पण झाडाचं काही खात नाही. (आपल्याकडे खोडावरचे पांढरे-करडे डाग म्हणजे झाडाला कोड आलं, असं समजून खरवडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा गैरसमज आहे.) त्याला जे काही मिळायचं ते पावसातून, दवातून आणि हवेतून. आंब्याच्या पानावर मेणाचा तलम थर असतो, तसा याला नाही. जे पडेल ते आत मुरतं. झाड विषारी झालेलं पान गाळून टाकतं आणि पालवी नवी आणतं. शैवाकाला गाळता येत नाही. तो वर्षाला काही मिलिमीटर वाढतो आणि आयुष्यभराचं सगळं अंगातच ठेवतो. कोळसा जळला की गंधकाचा धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड निघतो. तो ओल्या शैवाकात विरघळून आम्ल होतो आणि आतल्या शेवाळाचं हरितद्रव्य नासवतो. शेवाळ मेलं की बुरशी उपाशी.

ही गोष्ट पहिल्यांदा ज्याने नीट वाचली त्या माणसाची कथा मला फार आवडते. विल्यम नायलांडर, मूळचा फिनलंडचा. हेलसिंकी विद्यापीठात १८५७ मध्ये वनस्पतिशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला, सहा वर्षांत नोकरी सोडली आणि पॅरिसला जाऊन राहिला. शैवाकांवर त्या काळात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याच्याइतका भांडखोरही कोणी नसावा. पॅरिसमध्ये लक्झेंबर्ग नावाची राजेशाही बाग आहे. तिथल्या झाडांची खोडं त्याने एकेक करून पाहिली आणि १८६६ मध्ये तिथल्या शैवाकांची यादी छापली. शहराच्या इतर भागांत झाडं उघडी, आणि या बागेत मात्र शैवाकांची चांगली वस्ती. त्यावरून त्याने अनुमान काढलं की इथली हवा चांगली आहे. शैवाक हे हवेच्या आरोग्याचं मोजमाप आहे. त्या वेळी पॅरिसमध्ये हवा मोजणारं असं दुसरं यंत्र कुणाच्या दारात नव्हतं.

त्याच वर्षी त्याने आणखी एक युक्ती शोधली. शैवाकावर दाहक पोटॅशच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा दुसरा, आणि रंग कसा बदलतो ते पाहून जात ओळखायची. आजही प्रयोगशाळेत पहिली परीक्षा हीच घेतात. पण हाच नायलांडर श्वेन्डेनरचं दोन जिवांचं म्हणणं मरेपर्यंत मानायला तयार झाला नाही. ज्याच्या जगण्या-मरण्यावरून तो शहराची हवा ओळखत होता, तो जीव मुळात आहे कसा, हे त्याला पटलंच नाही. माणूस एका डोळ्याने फार दूरचं पाहतो आणि दुसरा डोळा मिटून घेतो, तसं काहीसं. १८९६ मध्ये त्याने पॅरिस परिसराच्या शैवाकांवर पुन्हा लिहिलं. तोवर लक्झेंबर्ग बागेतल्या शैवाकांची ती वस्ती उठली होती. तीस वर्षांत शहराचा धूर बागेच्या आत आला होता. पुढे तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, तो पॅरिसमध्येच एकाकी वारला.

या कथेत मला महत्त्वाची वाटते ती १८६६ ची यादी. ती नसती तर १८९६ मध्ये काय गेलं हे कोणाला कळलं असतं? उघडं खोड पाहून माणूस म्हणाला असता, खोड असंच असतं.

धुराचा संशय त्याच्याही आधी एकाने घेतला होता. मँचेस्टरच्या कापडगिरण्यांच्या भोवती शैवाक कमी होत असल्याचं लिओ ग्रिंडनने १८५९ मध्ये लिहून ठेवलं; जुनी झाडं तुटली आणि गिरण्यांचा धूर वाढला ही कारणंही त्यानेच दिली. शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी मँचेस्टरच्या पतंगांचा धडा वाचलेला असतो. शैवाकांनी करड्या झालेल्या खोडांवर फिकट पतंग लपायचे, खोडं काळी पडली तेव्हा काळे पतंग वाचले. त्या धड्यात आपलं सगळं लक्ष पतंगांकडे असतं. ज्या करड्या अंथरुणावर ते निजायचे त्याचं काय झालं, हे मास्तरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या मधोमध असलेल्या अशा उघड्या भागाला सेर्नांडर या स्वीडिश शास्त्रज्ञाने ‘शैवाकांचं वाळवंट’ म्हटलं.

मोजमापाला आकडे मिळाले ते १९७० मध्ये. हॉक्सवर्थ आणि रोझ या दोघा इंग्रजांनी झाडावर कोणते शैवाक आहेत ते पाहून हवेत हिवाळ्यात सल्फर डायऑक्साइड किती, याची शून्य ते दहा अशी पट्टी तयार केली. एका घनमीटर हवेत १७० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की खोडावर शैवाक म्हणून काही उरत नाही, फार तर हिरवी शेवाळी पूड. आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, शुद्ध हवेत, झुपकेदार, लोंबणारे, मोठ्या पाळ्यांचे शैवाक. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना हाताशी धरून हवेचा नकाशा करण्याचा उपक्रम झाला. मुलांनी झाडं पाहिली आणि नकाशा तयार झाला! आपल्याकडे पर्यावरण हा विषय शाळेत परीक्षेपुरता शिकवतात तेव्हा मला ही मुलं आठवतात.

गेलेले शैवाक परत येतात का? येतात. लंडनमध्ये १९५२ च्या डिसेंबरात धुक्यात धूर मिसळून हजारो माणसं दगावली, त्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला, घराघरांतला कोळसा हळूहळू सुटला. १९८१ मध्ये त्याच हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी लंडनच्या झाडांवर शैवाक परतत असल्याचं नोंदवलं. नायलांडरच्या लक्झेंबर्ग बागेतही ते परतले. त्यावरचा लेख १९९१ मध्ये छापून आला. मात्र जे गेले तेच सगळे परत आले असं नाही. गंधक कमी झालं, पण मोटारींचा धूर आणि शेतीतला अमोनिया वाढला. नत्रावर पोसणाऱ्या पिवळ्या जातींनी जागा पटकावली.

आता आपल्याकडे येऊ. भारतात या विषयाचा पाया लखनौत धरणीधर अवस्थी यांनी घातला. पुढे तिथल्याच राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत दलीप कुमार उप्रेती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम वाढवलं. देशात अडीच हजारांहून जास्त जातींची नोंद झाली आहे. महाराष्ट्रात हे काम पुण्यात रुजलं. शं. पु. आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू झाली. तिच्या संशोधन संस्थेला १९९२ मध्ये आघारकरांचं नाव मिळालं. तिथे पी. जी. पटवर्धन आणि उर्मिला मखीजा यांनी सह्याद्रीतल्या सालींवरचे शैवाक जमवले, ओळखले, कित्येक नव्या जातींना नावं दिली. तिथला अजरेकर वनस्पतिसंग्रह म्हणजे या कामाचं दफ्तर.

त्यांच्या आवडीच्या शैवाकांपैकी एक गट आहे ‘ग्राफिस’. ग्रीक भाषेत ग्राफी म्हणजे लेखन. फिकट सालीवर काळ्या, वळणदार, तुटक रेघा, जणू कोणी बोरूने लिहिलं आहे. एका कविसंमेलनासाठी आंबोलीला गेलो होतो तेव्हा पहाटे फिरताना मी हे पाहिलं. मला वाटलं उर्दू आहे. सोबतचे कोल्हापूरचे कविमित्र म्हणाले, मोडी आहे. वाचता दोघांनाही येईना. आमच्या हातात कवितांच्या वह्या होत्या, तेवढ्या पाचच मिनिटं गप्प राहिलो.

झाडावरचं हे लेखन वाचून हवेचा हिशेब काढण्याचं काम आपल्या देशात बऱ्याच ठिकाणी झालं आहे. बंगळूरच्या लालबागेतल्या शैवाकांची जुनी यादी होती. ती नव्या पाहणीशी ताडून पाहणारा लेख २००३ मध्ये आला, शैवाकांच्या अंगात साठलेलं शिसं, जस्त, तांबंही त्यात मोजलं होतं. रायबरेली जिल्ह्यातल्या औष्णिक वीज केंद्राच्या भोवतालची पाहणी २०१० मध्ये छापून आली. तिच्यात ‘पिक्सिन कोकोस’ नावाचा एक चिवट, फिकट करडा शैवाक पुढे येतो. तो आंब्याच्या सालीला चिकटून राहतो, बाकीचे सोडून गेले तरी टिकतो आणि हवेतले धातू अंगात साठवतो. गावात सगळे गेले तरी मागे राहणारा एखादा म्हातारा असतो ना, तसा.

रायबरेलीचं नाव वाचलं आणि मला आमचीच गोष्ट वाचल्यासारखं झालं. कोराडीचं वीज केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं. म्हणजे ते माझ्याहून चार वर्षांनी लहान. आम्ही एस.टी.ने खाप्याहून सावनेर, पाटणसावंगी करत नागपूरला जायचो तेव्हा कोराडीच्या चिमण्या दिसल्या की अम्मी म्हणायची, आलं नागपूर. खापरखेड्याचा २१० मेगावॉटचा पहिला संच १९८९ मध्ये लागला तेव्हा मी बी.ए.ला होतो. २०११ मध्ये तिथे ५०० मेगावॉटचा संच आला, कोराडीत पुढे ६६० मेगावॉटचे तीन. आमच्या उत्तरेकडे सातपुडा, गावाजवळ गुमगावची मॅंगनीजची खाण, दक्षिणेला कोळशाच्या खाणी आणि या चिमण्या. त्यांच्या विजेवर माझ्या घरचा दिवा जळतो, हे विसरून बोलणं बरं नाही. माझ्या वर्गातली निम्मी मुलं या कारखान्यांत आणि खाणींत लागली, त्यांची घरं उभी राहिली.

आपल्याकडच्या कोळशात गंधक कमी आणि राख फार. पण कमी गंधकाचा कोळसा रोज डोंगराएवढा जाळला तर गंधकही कमी राहत नाही. हवा मोजण्याचं देशव्यापी जाळं विणायला सुरुवात झाली १९८४ मध्ये. म्हणजे कोराडीची चिमणी पेटली तेव्हा ते जाळं दहा वर्षं दूर होतं. त्या दहा वर्षांत जे काही झालं असेल ते लिहून ठेवायला खोडं होती. आणि खोडांकडे मी पाहिलं नाही.

हे मला माझ्या भाचीने दाखवून दिलं. ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे. नदीकडच्या आमराईवर माझी एक जुनी कविता आहे. मोहोर आहे तिच्यात, कोकीळ आहे, सावली आहे. भाची म्हणाली, ‘मामू, त्या झाडांच्या खोडावर तेव्हा काय होतं?’ मी आठवायला बसलो. अंधार. दहा वर्षं त्या झाडांना टेकून बसलो, माझ्या शर्टाच्या पाठीवर नक्कीच काहीतरी लागलं असणार. अम्मी ओरडली असेल. पण करडं होतं की पिवळं, पाळ्यांचं होतं की नुसता डाग, काही सांगता येईना. आमच्या दुकानात पिशवीभर दगडफूल होतं आणि गावच्या झाडावर ते आहे की नाही हे मला माहीत नव्हतं.

मागच्या श्रावणात आम्ही दोघं आमराईत गेलो. तिने एक साधी चौकट केली होती: दहा सेंटिमीटरचे पाच चौकोन एकाखाली एक, शिडीसारखे. जमिनीपासून मीटरभर उंचीवर ती खोडाला चारी दिशांनी लावायची, आणि किती चौकोनांत कोणता शैवाक आहे ते लिहायचं. युरोपात हीच रीत आहे. चौकोनांची सुतळी मी ताणून दिली; विणकरांच्या गावातला असलो तरी ताणा धरायची माझी पहिलीच वेळ. पावसाने ओले झालेले डाग किंचित हिरवे दिसत होते. बहुतेक खोडाला घट्ट चिकटलेले पापुद्रे. तीन झाडांवर गोल, पाळीदार, करडं असं काहीतरी. ‘पिक्सिनसारखं दिसतंय,’ ती म्हणाली, ‘पण भिंगाखाली पाहिल्याशिवाय मी नाव लिहिणार नाही.’ लोंबणारं काही नव्हतं.

मी लगेच कवीसारखा बोललो: बघ, चिमणीने खाल्लं. तिने मला थांबवलं. म्हणाली, नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. उस्निया इथे आधीही नसेल. कोरड्या हवेत शैवाक तसेच कमी. झाडाचं वय, साल खरखरीत की गुळगुळीत, सावली किती, हे सगळं पाहावं लागतं. एकट्या खोडावरून निकाल देता येत नाही. चिमणीजवळची झाडं आणि लांबची झाडं, एकाच जातीची, एकाच घेराची, शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर काही बोलता येईल. आणि त्याच झाडांकडे दहा वर्षांनी पुन्हा गेलं तर आणखी.

रस्त्याकडेची झाडं तर तिने यादीतच घेतली नाहीत. त्यांना दरवर्षी गेरू-चुन्याचे पट्टे मारतात. झाड नेटकं दिसतं खरं. पण नेमकं छातीच्या उंचीपर्यंतचं पान दरवर्षी पुसलं जातं.

याचा माणसांशी काय संबंध, असं कोणी विचारेल. इटलीत व्हेनेटो प्रांतात सिस्लागी आणि निमिस यांनी शैवाकांच्या विविधतेचा नकाशा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेल्या, तिथेच वाढलेल्या तरुण पुरुषांचा नकाशा शेजारी ठेवला. जिथे शैवाक कमी तिथे मृत्यू जास्त, असं दोन्ही नकाशे बोलले. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये ते आलं. शैवाक नसल्यामुळे माणसं मेली असा त्याचा अर्थ नाही. हवा दोघांचीही एकच होती, एवढाच आहे.

आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांच्या गंधकाच्या धुरावर मर्यादा घालणारे नियम आले. दोन वर्षांची मुदत होती. ती वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. त्या निर्णयामागे खर्चाचे आणि हवेतल्या आकड्यांचे दाखले आहेत, त्यांना विरोध करणारे दाखलेही आहेत. तज्ज्ञांनी वाद घालावा. मला एवढंच दिसतं की मुदत सरकारला वाढवून मिळते, सालीवरच्या पापुद्र्याला मिळत नाही.

भाचीने एक शंभर पानी वही केली आहे. पहिल्या पानावर तारीख, मग चौदा झाडं, प्रत्येकाचा घेर, चार दिशांचे आकडे. झाडांना नंबर मी दिले. दर श्रावणात जायचं असं ठरलं. यंदा गेलो तर नऊ नंबरचं झाड नव्हतं. रस्ता रुंद करायला तोडलं होतं, बुंध्याच्या जागी गिट्टी पसरलेली. आठ आणि दहाच्या मध्ये भाचीने ती ओळ तशीच ठेवली, तारीख टाकली आणि चारही रकान्यांतून एक आडवी रेघ ओढली.